त्रास वाढला म्हणजे औषध लागू पडले?

न्यू जर्सीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मुलाचा पहाटे पुण्याला फोन येतो. मांडीवर मोठा लाल चट्टा उठला होता. डॉक्टरांनी 'लाइम' असल्याचे सांगून गोळ्या दिल्या. सकाळी पहिली गोळी घेतली आणि संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला, डोके ठणकू लागले, चट्टा आणखी लालभडक झाला. आई म्हणते, 'ती गोळी आधी बंद कर.' तिकडचा मित्र म्हणतो, 'घाबरू नको, रोग बाहेर पडतोय.' दोघांची माया खरी आहे, पण दोघांचाही सल्ला अपुरा आहे.

लाइम हा गोचिडीच्या चाव्यातून होणारा आजार. अमेरिकेच्या ईशान्य भागात तो बराच आढळतो. ही गोचीड लहान असताना खसखशीच्या दाण्याएवढी असते, त्यामुळे चावल्याचे अनेकांना कळतही नाही. कनेक्टिकट राज्यातल्या लाइम गावाच्या परिसरात १९७५च्या सुमारास मुलांचे सांधे सुजू लागले, त्यावरून आजाराला हे नाव पडले. पुढे विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीत मळसूत्रासारखा नागमोडी जंतू सापडला. डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या अँटिबायोटिकने तो मरतो. आजार कोणत्या टप्प्यावर आहे त्यानुसार हे औषध साधारण १० ते २८ दिवस घ्यावे लागते.

औषधाच्या पहिल्या मात्रेनंतर त्रास का वाढतो? जंतू भराभर मरतात, त्यांच्या शरीराचे तुकडे रक्तात मिसळतात आणि त्यांना पाहून आपली प्रतिकारशक्ती खवळते. ताप, थंडी, अंगदुखी हा त्या खवळण्याचाच परिणाम. ऑस्ट्रियाचे यारिश यांनी १८९५ साली आणि जर्मनीचे हेर्क्सहायमर यांनी १९०२ साली सिफिलिसच्या रुग्णांमध्ये हे टिपून ठेवले. तेव्हा उपचार पाऱ्याने होत. आजही ही प्रतिक्रिया त्या दोघांच्याच नावाने ओळखली जाते. लाइमच्या सुमारे १५ टक्के, म्हणजे साधारण सात रुग्णांपैकी एकाला ती येते. पावसाळ्यात मुंबई-कोकणात आढळणारा लेप्टोही अशाच नागमोडी जंतूचा आजार आहे. त्याच्या उपचारातही ती येऊ शकते, म्हणून पहिल्या मात्रेनंतर रुग्णावर लक्ष ठेवावे लागते.

या प्रतिक्रियेची ओळख तिच्या वेळेवरून पटते. औषध सुरू केल्यावर काही तासांत ती उसळते आणि बहुधा एका दिवसात ओसरते. तेवढ्या काळात विश्रांती घ्यावी, भरपूर पाणी प्यावे, तापासाठी पॅरासिटामॉल घ्यावे आणि डॉक्टरांना फोन करून कळवावे. अँटिबायोटिक मात्र आपल्या मनाने थांबवू नये. अर्धवट उपचाराने जंतू शरीरात राहून सांधे, मज्जातंतू किंवा हृदयापर्यंत पोहोचू शकतो.

पण तिसऱ्या आठवड्यातला थकवा, सहाव्या आठवड्यातली सांधेदुखी हीसुद्धा 'जंतू मरत असल्याची खूण' आहे, असे कुणी सांगू लागले तर सावध व्हावे. 'जितका त्रास जास्त, तितका गुण जास्त' ही समजूत आपल्याकडेही जुनीच आहे. तिच्यापायी खरा धोका नजरेआड होतो. अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे ही औषधाच्या ॲलर्जीची लक्षणे आहेत. अशा वेळी पुढची मात्रा न घेता लगेच रुग्णालय गाठायला हवे. पाण्यासारखे जुलाब सतत होत असतील तर अँटिबायोटिकमुळे आतड्याला संसर्ग झालेला असू शकतो. चेहरा एका बाजूला वाकडा होणे, मान आखडणे, चक्कर येऊन पडणे, छातीत धडधडणे म्हणजे आजारच पुढे सरकला असण्याची शक्यता. यांपैकी एकाही लक्षणावर 'थोडे सोसा' हे उत्तर नाही.

उपचार पूर्ण झाल्यावरही ५ ते १० टक्के रुग्णांना थकवा, वेदना, विस्मरण असा त्रास काही महिने राहतो. तो खरा असतो. त्याला 'मनाचे खेळ' म्हणणे हा वैद्यकाचा अपराध आहे. डॉक्टरांनी असे झिडकारले की रुग्ण महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देणाऱ्यांच्या दारात जातो. नेदरलँड्समध्ये २८० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. दोन आठवड्यांच्या उपचारानंतर आणखी बारा आठवडे अँटिबायोटिक घेणाऱ्यांना, औषध नसलेल्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. अपाय मात्र होऊ शकतो. शिरेत नळी ठेवून सत्तावीस महिने अँटिबायोटिक घेतलेल्या तीस वर्षांच्या एका अमेरिकी महिलेचा त्या नळीतल्या बुरशीच्या संसर्गाने मृत्यू झाला. ही हकिकत २००० साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तिला लाइम असल्याचा पुरावाही भक्कम नव्हता.

यातला पुष्कळ गोंधळ दोन मिनिटांच्या बोलण्याने टळू शकतो. पहिली गोळी हातात देतानाच डॉक्टरांनी सांगायला हवे : आज रात्री ताप चढू शकतो, उद्यापर्यंत उतरेल. नाही उतरला, किंवा अमुक लक्षण दिसले, तर कितीही वाजले असोत, फोन करा. भारतात असो वा अमेरिकेत, घाईच्या बाह्यरुग्ण विभागात नेमकी हीच दोन वाक्ये गळतात. ती डॉक्टरांनी सांगितली नाहीत, तर रुग्णाने विचारून घ्यावीत. त्रास किती तास सोसायचा आणि कधी रुग्णालय गाठायचे, हे ठाऊक असलेला रुग्ण गोळ्या फेकून देत नाही आणि अंगावर दुखणेही काढत नाही.