फुलदाणी रंगवणाऱ्याचे नाव काय?

मुंबईत भायखळ्याच्या राणीबागेलगत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. तेथे झिलई दिलेली मातीची जुनी भांडी ठेवली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या, म्हणजे आजच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या कुंभारकामाच्या विभागात ती घडली आणि तेथल्या विद्यार्थ्यांनी रंगवली. अशीच भांडी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही आहेत. यांतील काहींवरची चित्रे अजिंठ्याच्या लेण्यांतून आलेली आहेत. म्हणूनच हा विषय आमच्या वाचकांचा आहे.

१८५७ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून ही शाळा सुरू झाली. १८७० च्या दशकात तेथील जॉर्ज टेरी यांनी कुंभारकाम वाढवले. त्यासाठी सिंधमधून कुंभार आणले, कारण निळ्या-पांढऱ्या झिलईची विद्या त्यांच्या हातात होती. त्याच काळात, १८७२ पासून, जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. अंधाऱ्या लेण्यांत बसून भिंतींवरच्या आणि छतांवरच्या चित्रांच्या नकला करण्याचे हे काम १८८५ पर्यंत चालले. लंडनला पाठवलेल्या नकलांपैकी पुष्कळशा १८८५ च्या आगीत जळाल्या. पुढे १८९६-९७ साली या कामावर दोन खंडांचा ग्रंथ निघाला. त्यावर नाव ग्रिफिथ्स यांचे. लेण्यांतली कमळे आणि माणसे मात्र त्याआधीच फुलदाण्यांवर चढली होती. भिंतीवर जो धम्माचा उपदेश होता, तो साहेबाच्या दिवाणखान्यातली शोभा झाला!

एका भांड्यामागे किती हात असतात? चाकावर बसणारा कुंभार, कुंचला धरणारा विद्यार्थी, भट्टी सांभाळणारा मजूर. संग्रहालयांच्या नोंदींत शाळेचे नाव असते, टेरींचे असते. या हातांची नावे क्वचितच सापडतात. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारख्या विद्यार्थ्याचे नाव उरले, ते पुढे कॅनव्हासवर चित्रे काढली म्हणून. कॅनव्हास रंगवला की ‘ललित कला’, मडके रंगवले की ‘सजावटीची कला’. ही वर्गवारी विलायतेतून आली खरी. पण हाताने काम करणाऱ्याला खाली बसवणाऱ्या या देशात ती रुजायला वेळ लागला नाही. उतरंड हा शब्द मुळात कुंभाराच्या घरचा. जातिव्यवस्थेला तो इतका चपखल बसावा, हे काय उगाच?

ज्या भाऊ दाजींचे नाव १९७५ साली या संग्रहालयाला दिले गेले, त्यांनी स्वतः अजिंठ्याचे शिलालेख वाचले होते. सव्विसाव्या लेण्यातील लेखात भिक्षू बुद्धभद्राचे नाव आहे. दाता कळतो, चित्रकार कळत नाही. दीड हजार वर्षांपूर्वीच्या हातांबद्दल आज कोणाला जाब विचारणार? पण स्कूल ऑफ आर्ट ही सरकारी देखरेखीखालची शाळा होती. शाळा म्हटली की हजेरीपट आले, बक्षिसांच्या याद्या आल्या, वार्षिक अहवाल आले. त्यांतली जी कागदपत्रे उरली असतील, ती एकदा या भांड्यांशेजारी ठेवून तपासावीत. नाव सापडेल तेथे ते पाटीवर लिहावे, मराठीत आणि ठळक अक्षरांत. सापडणार नाही तेथे निदान ‘कुंभार व विद्यार्थी, नावे अज्ञात’ एवढे तरी लिहावे. आणि चित्र अजिंठ्याचे असेल, तर ते कोणत्या लेण्यातले, कोणत्या जातक कथेतले, हेही.