सारांश कोणी लिहायचा?

दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत सारांशलेखनाला पाच गुण असतात. उतारा वाचायचा, त्याचा सार स्वतःच्या शब्दांत लिहायचा आणि शीर्षक द्यायचे. हे पाच गुण कसे मिळवायचे ते आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलीने मला समजावून सांगितले. "दादा, पहिलं वाक्य घ्यायचं, शेवटचं घ्यायचं, मधलं एखादं मोठं घ्यायचं. सुरुवातीला 'द गिव्हन पॅसेज टेल्स अस अबाउट' लिहायचं. जो शब्द उताऱ्यात जास्त वेळा आलाय तो शीर्षकाला टाकायचा." मी विचारले, आणि उतारा समजला नाही तर? ती म्हणाली, "समजायची गरजच पडत नाही."

पोरगी खोटे बोलत नव्हती. तिला वर्गात हेच सांगितले होते आणि गाईडातही हेच छापले होते.

माझे भांडण या पाच गुणांशी आहे. सारांश लिहिणे म्हणजे यातले महत्त्वाचे काय आणि बिनमहत्त्वाचे काय हे स्वतः ठरवणे. हा हक्क या देशात आपल्याकडे कधी नव्हता. ग्रंथ त्यांचे, अर्थ त्यांनी सांगायचा, सारही त्यांनीच काढायचा. आपण तो ऐकायचा आणि वाकायचे. १८५५ साली सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध छापला, तेव्हा तिने नेमके हेच मोडले. आपल्या आयुष्याचा सार तिने स्वतः काढला. आज त्याच वयाची आपली मुलगी पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य उतरवून काढते, आणि आपण तिला पाचपैकी चार मिळाले म्हणून पेढे वाटतो.

पुढच्या रविवारी मी तिला सोप्या इंग्रजीतला आठ वाक्यांचा उतारा लिहून दिला. विषय महाडचा. पहिले वाक्य, महाड हे कोकणातले एक गाव आहे. शेवटचे, दरवर्षी २० मार्चला लोक तिथे जमतात. मध्ये कुठेतरी हे होते की, नगरपालिकेने १९२४ सालीच तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता, तरी अस्पृश्यांना पाणी भरता येत नव्हते. म्हणून १९२७ साली बाबासाहेबांबरोबर लोक चालत गेले आणि पाणी प्याले. गाईडाच्या रीतीने सारांश काढा बघू. काय उरते? महाड गाव आहे आणि तिथे लोक जमतात. सत्याग्रह गेला, ठराव गेला, पाणीही गेले. उरली ती यात्रा. प्रस्थापितांना आपला इतिहास एवढाच हवा असतो, हा भाग वेगळा.

मी तिला म्हटले, आधी मराठीत सांग. ती लगेच म्हणाली, "कागदावर पाणी दिलं होतं, गावानं दिलं नाही, म्हणून जाऊन घेतलं." मग इंग्रजीत लिहिले: 'पेपर गेव्ह वॉटर. टाउन नॉट गिव्ह. सो पीपल वेन्ट अँड ड्रँक.' शीर्षक: 'पेपर वॉटर'. आता 'नॉट गिव्ह' चूक आहे. 'डिड नॉट गिव्ह' हवे, ते पाच मिनिटांत शिकवता येते. पण आठ वाक्यांतून तिने जे उचलले, ते पाच वर्षे गाईड पाठ करून येत नाही. सन सोडले, गावाचे नाव सोडले आणि ठराव व अंमल यांतली दरी तेवढी धरली.

शब्दसिद्धीचेही तेच. एका गुणासाठी मुले हॅपी-अनहॅपी, केअर-केअरलेस घोकतात. मी फळ्यावर 'टच' लिहिला. टच, टचेबल, अनटचेबल, अनटचेबिलिटी. शेजारी मराठीत स्पृश्य, अस्पृश्य, अस्पृश्यता. पुढे लागलेला 'अन' म्हणजे आपला 'अ', शेवटचा 'इटी' म्हणजे आपला 'ता'. उपसर्ग-प्रत्यय पोरांना मराठी व्याकरणातून आधीच येतात, पण इंग्रजीच्या तासाला मराठी बोललेले चालत नाही, म्हणून ती शिदोरी दाराबाहेर ठेवावी लागते! त्या चार शब्दांतला शेवटचा शब्द राज्यघटनेच्या १७व्या कलमाने रद्द केला, हेही त्याच फळ्यावर सांगून झाले.

आणि हे केवळ गुणांपुरते आहे असे समजू नका. घटनेचे १६(४) कलम वाचा. नोकऱ्यांत ज्या मागासवर्गाचे प्रतिनिधित्व पुरेसे नाही त्याला आरक्षण, असा त्याचा आशय आहे. तिथला शब्द 'अ‍ॅडिक्वेटली'. २००६ साली एम. नागराज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पदोन्नतीतल्या आरक्षणासाठी सरकारकडे आकडेवारी मागितली ती 'इनअ‍ॅडिक्वेसी'ची. अ‍ॅडिक्वेट, इनअ‍ॅडिक्वेट, इनअ‍ॅडिक्वेसी. एका उपसर्गाच्या आणि एका प्रत्ययाच्या फरकावर हजारो लोकांच्या पदोन्नत्या लोंबकळल्या. आपल्यातले कितीजण तो निकाल मुळातून वाचू शकले? बाकीच्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला त्याचा सारांश वाचला. तो कोणी लिहिला होता, कोणी पाहिले?

वाक्प्रचारांचा घोळ तर मजेशीर आहे. 'लुक आफ्टर'चे वाक्य सगळ्या वर्गाचे एकच: 'माय मदर लुक्स आफ्टर मी'. 'लुक डाउन अपॉन'चा अर्थ मी विचारला, कोणालाच येईना. मी म्हटले, पाणी देताना वरून ओततात ना, तसे बघणे. मग वाक्यांवर वाक्ये आली. 'सब्जेक्ट' म्हणजे विषय, एवढेच मुलांना ठाऊक असते. धर्मस्वातंत्र्याचे २५वे कलम 'सब्जेक्ट टू' याच शब्दांनी सुरू होते. इथे त्याचा अर्थ 'च्या अधीन राहून'. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून धर्माचे स्वातंत्र्य. विषय-विषय करत बसलेला मुलगा पहिल्याच शब्दाला अडतो, आणि मग त्या कलमाचा अर्थ त्याला दुसरा कोणी येऊन सांगतो.

आता आपल्या घरातले बोलू. जयंतीच्या फ्लेक्सवर बाबासाहेबांच्या फोटोखाली 'इंग्रजी वाघिणीचे दूध' असे छापणारे मी पाहिले आहेत. अरे, इंग्रजीबद्दलचे ते वाक्य विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर सांगितले जाते. हेच चिपळूणकर, ज्यांनी 'निबंधमाले'त जोतीरावांच्या भाषेची टर उडवली. इंग्रजीचा आग्रह धरायला आपल्याला त्यांची उसनवारी कशाला? सावित्रीबाईंनी १८५४च्या 'काव्यफुले'तच तो धरला आहे. न वाचता फ्लेक्स छापणे आणि न समजता सारांश लिहिणे, रोग एकच.

लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाला १९३६ साली बाबासाहेबांच्या भाषणातला काही भाग वगळून हवा होता. बाबासाहेबांनी वगळला नाही, अधिवेशन गेले तर जाऊ दिले आणि भाषण स्वखर्चाने इंग्रजीत छापले. आपल्या म्हणण्यातले काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे दुसऱ्याला ठरवू दिले नाही.

काही कार्यकर्ते म्हणतात, आधी पोरं पास होऊ द्या, बाकीचे मग. बरोबर आहे, नापास झालेल्या पोराला भाषण काय कामाचे? पण पाठ केलेला सारांश अनोळखी उताऱ्यावर चालत नाही, आणि परीक्षेत उतारा अनोळखीच येतो. दुसरे म्हणतात, इंग्रजी माध्यमात घाला. रोजंदारीतली अर्धी कमाई फीला देऊन गल्लीतल्या शाळेत तेच गाईड आणि तोच 'द गिव्हन पॅसेज' मिळतो, फक्त टाय बांधून. तिसरे आहेत मराठीच्या अस्मितेवाले. त्यांची स्वतःची मुले कुठे शिकतात एवढे विचारा, ते गप्प होतात. शिक्षकांना मी शत्रू मानत नाही. साठ मुलांचा वर्ग आणि वर निवडणुकीची कामे, त्यात प्रत्येकाचा सारांश वाचणार कधी?

म्हणून हे काम विहारातल्या अभ्यासिकेचे आहे. रविवारी दोन तास, एक उतारा. आधी मराठीत तोंडी, मग इंग्रजीत तीन वाक्ये, मग का ठेवले आणि का गाळले यावर वाद. उतारे घटनेतून घ्या, शिष्यवृत्तीच्या सूचनांतून घ्या. महाराष्ट्र शासनाने छापलेले बाबासाहेबांचे इंग्रजी खंड कपाटात हार घालून ठेवले असतील, ते खाली काढा आणि एकेक परिच्छेद घ्या.

परवा तिने विचारले, "दादा, बोर्डात माझं लिहिलं आणि मार्क कापले तर?" माझ्याकडे उत्तर नव्हते. बोर्डाचे पेपर तपासणाऱ्यांत आपल्या समाजाचेही शिक्षक आहेत, त्यांनी ते द्यावे. 'नॉट गिव्ह'चा अर्धा गुण खुशाल कापा. पण उताऱ्यातली दोन वाक्ये जशीच्या तशी उतरवणाऱ्याला तिच्यापेक्षा जास्त देऊ नका.