वेगासाठी पासवर्ड वाटू नका

हळदीचा हंगाम ओसरला की वसमतच्या मोंढ्यात आडत दुकानांमधून जुने हिशोब काढायला बसतात. नेमकी तेव्हाच संगणकाची डिस्क भरलेली असते. कुठल्या फोल्डरने जागा खाल्ली हे पाहायला मुनीम ‘विझट्री’ चालवतो, तर त्याच्या खात्यातून ते रेंगाळतं. मालकाच्या अ‍ॅडमिन खात्यातून काही सेकंदांत उरकतं. मग सोयीसाठी अ‍ॅडमिनचा पासवर्डच मुनीमाच्या हाती जातो. ही सवय मला धोक्याची वाटते.

अ‍ॅडमिनसाठी संगणक जास्त जोरात पळत नाही. त्याला वेगळा रस्ता मोकळा असतो. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर प्रत्येक फाइलची नोंद ‘मास्टर फाइल टेबल’मध्ये असते. ही वही थेट वाचली की फोल्डर उघडत हिंडावं लागत नाही. पण तिच्यात सगळ्यांच्याच फाइलींची नावं असल्यामुळे ती थेट वाचण्याची मुभा फक्त अ‍ॅडमिनला आहे. साध्या खात्याला एकेक फोल्डर उघडायला सांगावं लागतं आणि दर वेळी परवानगी तपासली जाते. अ‍ॅडमिननेही हाच लांबचा रस्ता धरला, तर फारसा फरक उरत नाही.

उलटंही घडतं. लिनक्सवर साध्या खात्यातून फाइली शोधणारं ‘फाइंड’ चालवलं तर बंद फोल्डर वगळले जातात आणि काम कधीकधी लवकर संपतं. तो वेग नव्हे, अपुरं काम आहे. बॅकअप घेताना हे विसरलं, तर हिशोबच हरवतो.

वेग हवाच, पण अधिकार न वाटता. लिनक्सवरच्या ‘लोकेट’ची पद्धत मला योग्य वाटते. फाइलींची यादी पूर्ण अधिकाराने, ठरलेल्या वेळी तयार होते. विचारणाऱ्याला मात्र त्याला पाहण्याची परवानगी असलेलीच नावं दिसतात. विंडोजवर ‘एव्हरीथिंग’ या शोधसाधनाची सेवा बसवली तर साध्या खात्यालाही झटपट शोधता येतं, पण संपूर्ण डिस्कवरच्या फाइलींची नावं त्याच्यासमोर येतात. कर्जाची नोटीस किंवा आजारपणाचा कागद असेल, तर नुसतं नावही पुरेसं बोलतं.

अ‍ॅडमिन खात्यात चुकून उघडलेला व्हायरसही अ‍ॅडमिनचेच अधिकार वापरू शकतो. म्हणून डिस्कची तपासणी मालकाने स्वतः करावी आणि मुनीमाला त्याच्या कामाचे फोल्डर तेवढे मोकळे करून द्यावेत. त्या हिशोबांत शेतकऱ्यांची नावं, बँक खाती आणि उचल असते. चार मिनिटं वाचवण्यासाठी ती उघडी टाकण्याचा हक्क दुकानदाराला नाही.