छोटी झेन, मोठे ब्रेक

बरेच दिवस इकडे फिरकलो नव्हतो. काहींनी फोन करून विचारलंही, "काय हो, लिहिणं सोडलं का?" सोडलं नाही मंडळी, गेले दोन रविवार खांदा कॉलनीत ताईकडे होतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जॅकवर चढवलेल्या गाडीशेजारी, हात ग्रीसने बरबटवून.

त्याचं झालं असं. दाजींची 1999 ची मारुती झेन आहे. दाजी गेले, गाडी राहिली. भाच्याने ती विकू दिली नाही. नोंदणीचं नूतनीकरण वगैरे सोपस्कार करून तो ती अजून चालवतो. दिवाळीनंतर ताईला घेऊन लोणावळ्याला गेला होता. परत येताना बोरघाट उतरत असताना ब्रेकचं पेडल मऊ झालं आणि खाली खाली जायला लागलं. त्याने खालचा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, गाडी कशीबशी कडेला घेतली. ताई मागे बसली होती. ती तेव्हा काहीच बोलली नाही, पण त्या दिवसापासून "मला रिक्षाच बरी" म्हणायला लागली.

पोराच्या मनाला लागलं ते. तडक कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेला आणि कुठल्याशा जुन्या सेडानचे पुढचे ब्रेक घेऊन आला. मोठ्या डिस्क, मोठे कॅलिपर. "मामा, घरीच बसवू. चार बोल्टचं तर काम आहे." मला असल्या कामांची भारी हौस. पाने घेऊन हजर!

एक कबूल करतो, त्याचं गणित अगदीच चुकीचं नव्हतं. डिस्क मोठी असली की पॅड चाकाच्या मध्यापासून लांब पकडतात, त्यामुळे तेवढ्याच जोरात ब्रेक जास्त लागतो. लोखंड जास्त, म्हणून उष्णताही जास्त सोसते. आणि घाटात उष्णता काय थोडी असते? माणसांसकट 1000 किलोची गाडी 500 मीटर खाली उतरली की जवळजवळ 49 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. त्यात 15 लिटर पाण्याला उकळी फुटेल. काही वाऱ्यावर जाते, काही टायरमध्ये. इंजिनाने आपला वाटा उचलला नाही तर उरलेली सगळी ब्रेकच्या माथी.

पण बसवायला घेतलं आणि एकेक निघायला लागलं. झेनची चाकं लहान, नवा कॅलिपर रिमला घासायला लागला. म्हणजे मोठी चाकं हवीत, मग टायरही. कॅलिपरचा पिस्टन मोठा, त्याला तेल जास्त लागणार. मास्टर सिलिंडर मात्र जुनाच, म्हणजे पेडल आणखी खाली जाणार. पुढे जोर वाढला आणि मागे तेवढाच राहिला, तर ओल्या रस्त्यावर पुढची चाकं आधी जाम होणार आणि जाम चाकांनी गाडी वळत नाही. शेवटी गाडी थांबते ती टायरच्या पकडीवर. ब्रेक कितीही मोठा लावा, टायर घसरला की संपलं. शिवाय ती भंगारातली डिस्क किती झिजली आहे, अपघातातल्या गाडीची आहे का, कोणाला माहीत? मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 आहेच, आणि कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात फेरफार करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलंय. उद्या काही झालं तर विमावाल्याला काय सांगणार?

मग आम्ही जुने ब्रेक नीट उघडून पाहिले. जे आधी करायला हवं होतं ते :) पॅड संपत आलेले, होजला चिरा आणि तेल चहासारखं काळपट. डॅशबोर्डच्या खणात दाजींची वही होती. कुठल्या दिवशी काय बदललं, सगळं त्यांच्या बारीक अक्षरात. ब्रेक ऑइलची शेवटची नोंद 2017 ची.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. डॉट 3 चं नवं तेल किमान 205 अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, ओलावा मुरलेल्या तेलाला तो 140 चा. तेल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकतं. घाटात हेच झालं असणार. त्यातून हा पठ्ठ्या चौथ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरत होता.

मला वाईट वाटलं ते याचं. गाडीवर त्याचा जीव आहे. दाजींच्या मागे त्याने सीट कव्हर बदलली, म्युझिक सिस्टिम बसवली, दर रविवारी पॉलिश करतो. आणि जी गोष्ट दाजी न चुकता करायचे ती राहून गेली. मीही मामा म्हणून कधी विचारलं नाही. मोठे ब्रेक आणणं म्हणजे काहीतरी केल्यासारखं वाटतं. तेल बदलण्यात कसला पराक्रम?

जुगाडाचं आपल्याला कौतुक आहे, मलाही आहे. पंख्यावर करा, मिक्सरवर करा, इंजिनावरही करा. इंजिन बिघडलं तर गाडी जागेवर राहते. ब्रेक बिघडला तर गाडी जागेवर राहत नाही, आणि समोर कोण असेल ते आपण ठरवत नाही.

दुसऱ्या रविवारी मूळ मापाच्या नव्या डिस्क, पॅड, होज आणि नवं तेल घालून घेतलं. काम आम्ही केलं, पण एअर नीट निघाली का हे मेकॅनिककडून तपासून घेतलं. मोठे ब्रेक गोणीत पडून आहेत. भाच्याने वहीत दाजींच्या नोंदीखाली तारीख लिहिली.

संध्याकाळी ताई खांदेश्वर स्टेशनपर्यंत गाडीत बसून आली, मला सोडायला. पुढच्या सीटवर. सिग्नलला ब्रेक लागला तेव्हा तिने हात डॅशबोर्डवर ठेवला, मग काढून घेतला.

असो. तुमच्या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंत? बघा बरं जरा.