परक्या उच्चाराची शिक्षा

‘पीटर लॉर भाग्यवान! अमेरिकेने त्याला आसराही दिला आणि अजरामर खलनायकही केले’, असा सूर जुन्या चित्रपटांचे चाहते लावतात. या कौतुकाला आमची हरकत आहे.

लॉरचा जन्म १९०४ साली, तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीतील ज्यू कुटुंबात झाला. १९३१ मध्ये फ्रिट्झ लांग यांच्या ‘एम’ या जर्मन चित्रपटात त्याने बालकांचा खुनी असा रंगवला, की अखेरच्या कबुलीत भीतीबरोबर कणवही दाटून यावी. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि लॉरला जर्मनीतून बाहेर पडावे लागले. पुढे १९४० च्या ‘डेर एविगे यूडे’ या नाझी प्रचारपटात त्याच कबुलीचे दृश्य ज्यूंच्या वृत्तीचा पुरावा म्हणून जोडण्यात आले. नटाची भूमिका हेच त्याच्या वंशावरील आरोपपत्र ठरले!

आणि हॉलिवूड? १९३५ मध्ये ‘क्राइम अँड पनिशमेंट’चा नायक त्याला मिळाला, तोही खुनीच. १९३७ ते १९३९ या काळात आठ चित्रपटांत तो मिस्टर मोटो नावाचा जपानी झाला. मध्य युरोपातला माणूस जपानी कसा? परके सगळे सारखेच, हाच त्यामागचा हिशेब. ‘द माल्टीज फाल्कन’ (१९४१) व ‘कॅसाब्लांका’ (१९४२) यांतही तो संशयास्पदच राहिला.

या भूमिकांनी त्याला पोट भरू दिले, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. नाझी द्वेष आणि हॉलिवूडचा साचा यांना आम्ही एका पारड्यात घालत नाही. परंतु आसरा दिला म्हणून आश्रिताची ओळख ठरविण्याचा हक्क यजमानाला मिळत नाही. १९५१ मध्ये लॉरने जर्मनीत जाऊन ‘डेर फर्लोरेने’ स्वतः दिग्दर्शित केला. तो चालला नाही. लॉर अमेरिकेस परतला आणि १९६४ मध्ये वारला. दिग्दर्शक म्हणून त्याच्या नावावर तेवढा एकच चित्रपट राहिला.

हिंदी चित्रपटात मराठी वळणाचे हिंदी बहुधा मोलकरणीच्या वा हवालदाराच्या तोंडी येते, तेव्हा इंदूर-ग्वाल्हेरात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्या मंडळींना ते झोंबते. मग आपल्याच रंगमंचावर गुजराती शेठजी आणि मद्रासी साहेब केवळ उच्चारासाठी हशा का मिळवतात? आपल्या नाट्यशाखांनी ही प्रथा आता बंद करावी. परक्या उच्चाराच्या माणसाला एकदा तरी सरळ, सज्जन, विचारी भूमिका द्यावी. तेवढे धैर्य नसेल, तर लॉरच्या दुर्दैवावर हळहळण्याचा अधिकार आपल्याला नाही.