ब्लूज, वेदना आणि अस्सलतेचा सापळा

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संगीताविषयी लिहिताना समीक्षा ज्या एका समीकरणाशी सतत येऊन थांबते, ते असे : ब्लूज म्हणजे वेदनेचा उत्स्फूर्त उद्गार. सहानुभूतीचा मुलामा असल्यामुळे हे समीकरण निरुपद्रवी वाटते. वस्तुतः ते ज्या वर्णव्यवस्थेचा निषेध करू पाहते, तिच्याच गृहीतकांवर उभे आहे. ज्याच्याकडे केवळ वेदना आहे त्याच्याकडे रचना नसते, निवड नसते, विनोद नसतो आणि व्यवसायही नसतो. त्याचे गाणे ही कृती उरत नाही. ते लक्षण ठरते.

या वाचनपद्धतीचा इतिहास जुना आहे. फ्रेडरिक डग्लस यांनी 1845 च्या आत्मकथनात गुलामांची गाणी ऐकून त्यांना सुखी समजणाऱ्यांविषयी आश्चर्य व्यक्त केले होते. त्या श्रोत्यांना गाण्यात समाधान ऐकू आले. विसाव्या शतकातील त्यांच्या उदारमतवादी वारसांना केवळ दुःख ऐकू येते. निष्कर्ष उलटला, पण पद्धत तीच राहिली. गाणाऱ्याने काय रचले हा प्रश्न दोघांनाही पडत नाही. त्याच्या आत काय साठले आहे, एवढेच दोघांना हवे असते.

अस्सल लोकसंगीत ही कल्पनाही निसर्गदत्त नाही. 1920 साली ओके कंपनीने मेमी स्मिथ हिच्या आवाजात पेरी ब्रॅडफर्ड यांचे 'क्रेझी ब्लूज' ध्वनिमुद्रित केले. त्याच्या खपामुळे कृष्णवर्णीय ग्राहक ही बाजारपेठ असल्याचा शोध कंपन्यांना लागला आणि 'रेस रेकॉर्ड्स' ही स्वतंत्र यादी रूढ झाली. दक्षिणेतील गोऱ्या ग्रामीण गायकांसाठी 'हिलबिली' हे दुसरे दालन उघडले. वास्तवात ही भिंत नव्हती. मिसिसिपी शीक्स हा कृष्णवर्णीयांचा संच फिडलच्या साथीने गात असे. हिलबिली म्हणून विकला गेलेला जिमी रॉजर्स ब्लूजच्या बांधणीवर यॉडल करत असे. 1930 साली त्याच्या एका ध्वनिमुद्रणात लुई आर्मस्ट्राँगने ट्रम्पेट वाजवला, पण तबकडीवर आर्मस्ट्राँगचे नाव आले नाही. ज्या दोन परंपरांचे मूळ वेगळेपण अभ्यासक पुढे हिरीरीने सिद्ध करू लागले, त्यांतील बरेचसे वेगळेपण विक्रीच्या यादीने आधीच आखून ठेवले होते. कार्ल हॅगस्ट्रॉम मिलर यांनी 'सेग्रिगेटिंग साउंड' (2010) या ग्रंथात दाखवले आहे, की ही विभागणी करण्यात कंपन्यांइतकाच लोकसाहित्याच्या अभ्यासकांचाही हात होता.

लेड बेलीचे उदाहरण या दृष्टीने निर्णायक ठरते. 1933 मध्ये जॉन लोमॅक्स यांना तो लुइझियानातील अँगोला तुरुंगात भेटला. सुटकेनंतर 1935 च्या एका वृत्तचित्रासाठी त्याला पुन्हा कैद्याचे कपडे चढवून आपल्याच आयुष्याचा अभिनय करावा लागला. त्याला स्वतःला सूट प्रिय होता आणि जीन ऑट्रीची लोकप्रिय गाणीही. संग्राहकाला मात्र हवा होता आधुनिकतेचा स्पर्श न झालेला कैदी. अस्सलता येथे शोधली गेली नाही, ती वेषभूषेसह उभी केली गेली. कार्यक्रमांच्या मिळकतीचा मोठा वाटा लोमॅक्स पितापुत्रांकडे जात असे, हा तपशीलही सौंदर्यशास्त्राच्या बाहेरचा नाही. गाणे जर कोणा व्यक्तीची रचना नसून 'लोकां'चा उद्गार असेल, तर त्याचा मोबदला नेमका कोणाला द्यायचा, हा प्रश्न आपोआप धूसर होतो.

रॉबर्ट जॉन्सनच्या मरणोत्तर कीर्तीतही हाच न्याय दिसतो. 1936 आणि 1937 साली टेक्सासमध्ये त्याने एकोणतीस गाणी ध्वनिमुद्रित केली. 1938 मध्ये तो वारला. 1961 च्या संग्रहामुळे तो ब्लूजचा मूळपुरुष झाला. तो समकालीन लोकप्रिय गाणीही गात असे, ही त्याच्या सोबत्यांची साक्ष या प्रतिमेला गैरसोयीची होती. एकाकी पुरुष, गिटार आणि धुळीचा रस्ता हे चित्र मध्यभागी आल्यावर 1920 च्या दशकात ब्लूजचा बाजार प्रत्यक्ष गाजवणाऱ्या मा रेनी, बेसी स्मिथ अशा स्त्रिया 'व्यापारी' ठरून कडेला गेल्या. त्यांच्या गाण्यांतील लैंगिक स्वायत्तता, घरगुती हिंसेचा उल्लेख आणि प्रवासाचे स्वातंत्र्य यांचा वैचारिक अर्थ लावण्यासाठी अँजेला डेव्हिस यांच्या 1998 मधील ग्रंथाची वाट पाहावी लागली.

अडोर्नो यांची भूमिका याच्या विरुद्ध टोकाची भासते. 1936 च्या जॅझवरील निबंधात त्यांना उत्स्फूर्ततेच्या आवरणाखाली बाजारू साचा दिसला. परंतु लोकवादी आणि अडोर्नो यांच्यात एक छुपा करार आहे : बाजारात उतरलेली कला आपले सत्त्व गमावते, हे दोघांनाही मान्य आहे. कृष्णवर्णीय कलावंतासाठी मात्र बाजार हा मळ्यातील वेठीपासून सुटण्याच्या मोजक्या वाटांपैकी एक होता आणि त्याच वेळी लुबाडणुकीचे नवे ठिकाणही होता. बेसी स्मिथ कोलंबिया कंपनीची आघाडीची गायिका होती, पण कंत्राटानुसार तिला स्वामित्वधन मिळत नव्हते. हे दुहेरी वास्तव शुद्धतेच्या मापाने मोजता येत नाही.

यावर आक्षेप येईल, की रचनेवर भर दिला तर पार्चमनसारखे तुरुंगमळे, झुंडबळी, कर्जात जखडलेली बटईची शेती हे सारे पार्श्वभूमीला ढकलले जाईल. हा आक्षेप गंभीर आहे. अमिरी बराका यांच्या 'ब्लूज पीपल' (1963) या ग्रंथामागेही असाच आग्रह होता. संगीताच्या रूपांतरातून एका समाजाचा इतिहास वाचण्याचे श्रेय बराकांना द्यावेच लागते. तरीही समाजशास्त्राच्या भाराखाली ब्लूजची कला चिरडली जाते, हा राल्फ एलिसन यांचा प्रतिवाद अधिक टिकाऊ आहे. दुःख ही ब्लूजची परिस्थिती आहे, त्याचा आकृतिबंध नव्हे. पहिली ओळ, तिची पुनरुक्ती आणि तिला कलाटणी देणारी तिसरी ओळ या प्रचलित बांधणीत पुनरुक्ती विचाराला अवधी देते आणि तिसरी ओळ बहुधा उपरोधाने सुटका करून घेते. ज्याला केवळ हुंदका ऐकू येतो, त्याला ही तिसरी ओळ ऐकूच येत नाही. अत्याचाराची नोंद घेण्यासाठी अत्याचारितांची बुद्धी वजा करण्याची गरज नसते.

मराठी समीक्षेला हा वाद परका नाही. 1946 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले होते. 1972 मध्ये दलित पँथरने आपले नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. ते नाते राजकीय कृतीचे होते. समीक्षेने मात्र त्यातून बहुधा वेदनेचे साधर्म्य तेवढे उचलले. दलित आत्मकथनाला दस्तऐवज म्हणून गौरवायचे आणि त्याच्या भाषिक रचनेविषयी मौन पाळायचे, आंबेडकरी जलशाला प्रचार म्हणायचे, वामनदादा कर्डकांनी चित्रपटगीतांच्या चाली वापरल्या म्हणून त्यांना अभिजात लोकपरंपरेबाहेर ठेवायचे, या साऱ्यामागे लोमॅक्स यांचीच नजर आहे. तिला पीडित माणूस चालतो, पण तो तुरुंगाच्या कपड्यांत असेल तरच. त्याने शिवून घेतलेला सूट हाही त्याच्या इतिहासाचा भाग आहे, हे मान्य करीपर्यंत सहानुभूतीची समीक्षा पहारेकऱ्याचेच काम करत राहील.