'काही हरकत नाही' असं किती दिवस म्हणायचं?

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. एकच शब्द दोन्ही भाषांत वेगळ्या अर्थाने येतो तेव्हा मुलं गोंधळतात. 'हरकत' हा त्यातलाच एक. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल, मराठीत हरकत म्हणजे आक्षेप. माझी दादी म्हणायची, "हरकत में बरकत है," म्हणजे बसून राहू नका, हातपाय हलवा. आणि मराठीत आपण उठताबसता म्हणतो, "काही हरकत नाही." आमच्या मोहल्ल्याने हे मराठी वाक्य फारच मनावर घेतलं आहे. ते किती महागात पडतं, ते आज लिहायचं आहे.

आमचं तालुक्याचं गाव. धड शहर नाही, धड खेडं नाही. आपले बुजुर्ग अशा गावाला कसबा म्हणत. एका अंगाला बाजार समिती, दुसऱ्या अंगाला नाला, मधून हायवे. गावाचा विकास आराखडा, ज्याला सगळे 'डीपी' म्हणतात, वीस वर्षांहून जुना झाला होता. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणे असा आराखडा वीस वर्षांतून एकदा तरी सुधारावा लागतो. रस्ता कुठून जाणार, शाळा कुठे, दवाखाना कुठे, मैदान कुठे, कुणाच्या जमिनीवर घरं बांधता येतील आणि कुणाच्या नाही, हे सगळं त्यात ठरतं. निवडणूक पाच वर्षांनी येते म्हणून आपण रात्र रात्र जागतो. वीस वर्षांचं भविष्य ठरवणारा कागद आला, तेव्हा गाव झोपलेलं होतं. मीही झोपलेली होते.

मला कळलं ते एका विद्यार्थिनीच्या अब्बांकडून. त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. कुणीतरी नकाशाच्या प्रती काढायला आलं होतं. तोवर प्रारूप आराखडा प्रसिद्ध होऊन बावीस दिवस झाले होते. हरकती आणि सूचनांसाठी मुदत तीस दिवसांची. पालिकेने कायदा मोडला, असं मी म्हणणार नाही. राजपत्रात नोटीस होती, वर्तमानपत्रात होती, कार्यालयाच्या फळ्यावर होती. सगळं रीतसर. माझी तक्रार नेमकी हीच आहे, की सगळं रीतसर होतं आणि तरीही आमच्या मोहल्ल्यात एका माणसाला खबर नव्हती.

शाळा सुटल्यावर गेले. जिन्याजवळच्या भिंतीवर नकाशा लावलेला. अख्खं गाव एका कागदावर, आमची गल्ली नखाएवढी. कारकून भला माणूस. म्हणाला, "मॅडम, पिवळा म्हणजे निवासी. बाकी रंगांचा तक्ता कोपऱ्यात आहे." मोबाईलवर फोटो काढून घरी मोठे करून पाहिले. आमच्या शाळेमागची मोकळी जागा, जिथे आमची मुलं रोज खेळतात, ती पिवळी होती. आणि आमच्या मागच्या गल्लीतून, तीसेक घरांच्या डोक्यावरून, बारा मीटरचा रस्ता सरळ नाल्यापर्यंत गेला होता.

जुना आराखडा शोधून काढला, तेव्हा खरा धक्का बसला. शाळेमागची ती जागा वीस वर्षं खेळाच्या मैदानासाठी आरक्षित होती! आम्हाला पत्ताच नव्हता. कायद्याचं कलम 127 असं आहे, की आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत पालिकेने आरक्षित जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत पालिकेने पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण संपतं. ही मुदत सध्या चोवीस महिन्यांची आहे. आमच्याकडे तसंच झालं. मालकाचा मी दोष मानत नाही. त्याची जमीन इतकी वर्षं अडकवून ठेवली आणि मोबदला दिला नाही, तर तो आणखी काय करणार? पण ते मैदान कागदावर जन्मलं आणि कागदावरच मेलं. ज्या शाळेसाठी ते होतं, त्या शाळेला ना जन्माची खबर, ना मौतीची.

मग मी मोहल्ल्यात सांगत सुटले की आपल्या शाळेमागचं आरक्षण गेलंय. एक चाचा काळजीने म्हणाले, "बेटी, वो तो कब का गया!" त्यांना वाटलं, मी 2014 च्या पाच टक्क्यांबद्दल बोलते आहे. आधी मी हसले, मग हसू आटलं. एका आरक्षणासाठी आपण मोर्चे काढले, निवेदनं दिली, भाषणं ऐकली. ती मागणी योग्यच आहे. पण आरक्षण हा शब्द जमिनीलाही लागतो, शाळेच्या, दवाखान्याच्या, बागेच्या जागेलाही लागतो, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. 2011 च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रातल्या दर दहा मुस्लिमांपैकी सात जण शहरी भागात राहतात. म्हणजे शहरा-कसब्यांचा आराखडा हा इतर कुणाहूनही जास्त आपला प्रश्न आहे.

आता आपल्याच लोकांबद्दल लिहिते. राग आला तरी वाचा.

इशाच्या नमाजनंतर बैठक बोलावली. चाळीसेक माणसं आली. मी नकाशाचे फोटो दाखवायला लागले, तर पहिला प्रश्न आला, "कब्रस्तान को कुछ हुआ क्या?" नाही म्हटलं. "मशीद?" तिलाही काही नाही. अर्धी बैठक तिथेच उठली. जाताजाता एकाने मला धीर दिला, "फिर तो कोई हरकत नहीं." मेल्यावर जिथे झोपायचं ती जागा शाबूत आहे, मग जिवंतपणी लेकरं कुठे खेळणार, पोरी कुठल्या रस्त्याने शाळेत जाणार, याच्याशी आम्हाला घेणंदेणं नाही? कब्रस्तानची काळजी करू नका, असं मी म्हणत नाही. माझे अब्बाही तिथेच आहेत. पण पालिकेत आमची ओळख 'फक्त कब्रस्तानसाठी येणारे लोक' अशी झाली असेल, तर ती निम्मी आम्हीच करून दिली आहे.

निम्मी म्हणाले, कारण उरलेला निम्मा दोष आमचा नाही.

पहा, लोकांना विचारण्याची पद्धत काय आहे. आराखडा करायचा तर पालिका आधी 'इरादा' जाहीर करते. हा कायद्यातलाच शब्द आहे आणि आमच्या मोहल्ल्यात शेंबडं पोरही तो समजतं. तेव्हाही सूचना मागवतात, पण त्या वेळी नकाशावर फक्त हद्दीची रेघ असते. मग सर्वेक्षण होतं, आज कुठल्या जमिनीवर काय आहे याचा नकाशा बनतो आणि त्यावरून प्रारूप तयार होतं. या मधल्या काळात, जेव्हा खरं काही ठरत असतं, तेव्हा तुम्हाला-मला कुणी विचारत नाही. सगळं रंगवून झाल्यावर म्हणतात, तीस दिवसांत हरकत घ्या. लग्न ठरवून, पत्रिका छापून, मांडव घालून झाल्यावर मुलीला विचारायचं, "पसंत आहे ना?" याला संमती म्हणत नाहीत. मग लोकसहभाग का म्हणायचं?

आमच्या मागच्या गल्लीतली बहुतेक घरं गुंठेवारीची आहेत. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेले प्लॉट, शंभर रुपयांचा स्टँप, सातबाऱ्यावर नाव जुन्या शेतकऱ्याचंच. अशी घरं नियमित करण्यासाठी राज्याने 2001 मध्ये कायदा केला, 2021 मध्ये दुरुस्ती करून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. म्हणजे ही माणसं तिथे राहतात, हे सरकारला ठाऊक आहे. तरीही टेबलावर बसून रेघ ओढणाऱ्याला ती जागा मोकळी वाटली. तो एकदा गल्लीत आला असता, तर कुठल्याही बाईने सांगितलं असतं की इथे चुली पेटतात. हेही सांगितलं असतं, की पावसाळ्यात नाल्याचं पाणी कुठल्या उंबऱ्यापर्यंत येतं आणि दहावीनंतर पोरींची शाळा का सुटते: कॉलेज हायवेच्या पलीकडे आहे आणि मधे ओलांडायला धड जागा नाही.

आम्ही अर्ज लिहिला. मराठी माझं, सह्या गल्लीच्या. एकसष्ट सह्या, त्यांतल्या चौतीस बायकांच्या. खिडकीवर उत्तर मिळालं, एका अर्जाची एकच हरकत. सुनावणी मंगळवारी सकाळी साडेअकराला. जे रोजंदारीवर जातात, त्यांनी रोज बुडवून यायचं. सात जण आलो. तीन मिनिटं मिळाली. "नोंद घेतली आहे," असं ऐकून बाहेर पडलो. पुढे कळलं, की गल्लीतल्या रस्त्याची रुंदी कमी करायची शिफारस झाली आहे. मैदानाबद्दल एक ओळ नाही. का नाही, याचं उत्तरही नाही.

यावर साहेब लोकांचं म्हणणं मला पाठ आहे. नियोजन हे तज्ज्ञांचं काम, लोकांना त्यातलं कळत नाही. लोक फक्त स्वतःची जमीन वाचवायला येतात. सगळ्यांना विचारत बसलो तर आराखडा कधीच होणार नाही.

तज्ज्ञ हवाच. पण 2015 साली मुंबईचा प्रारूप आराखडा तज्ज्ञांनीच केला होता. त्यात इतक्या चुका निघाल्या, इतक्या हरकती आल्या, की एप्रिलमध्ये सरकारला तो नव्याने करायला लावावा लागला. मुंबईत वास्तुरचनाकार आहेत, संस्था आहेत, वर्तमानपत्रं आहेत. आमच्या कसब्यात कोण आहे? एक झेरॉक्सवाला आणि एक मराठीची मास्तरीण. जिथे चूक पकडणारं कुणी नाही, तिथे तर लोकांना आधी विचारायला हवं. आणि लोक स्वार्थी असतात म्हणता, तर न विचारल्याने स्वार्थ थांबतो का? ज्याला आराखडा आधी कळतो, तो आधी जमीन घेतो. चारभिंतीतल्या आराखड्यात स्वार्थ फक्त काही जणांचा चालतो, एवढाच फरक. उशिराचं म्हणाल, तर आधी सहा महिने विचारलेलं बरं, की नंतर वीस वर्षं कोर्टात जोडे झिजवलेले?

आमची मागणी काही चंद्र-ताऱ्यांची नाही. पाणलोटाच्या कामाआधी गावात शिवारफेरी होते. अधिकारी आणि गावकरी मिळून शिवार चालतात. मग आराखड्याच्या सर्वेक्षणाआधी प्रत्येक प्रभागात मोहल्लाफेरी का नको? ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, की ग्रामसभा जाते. गाव मोठं होतं आणि गावकऱ्याचा आवाज लहान होतो. 2009 मध्ये राज्याने पालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. आमच्या गावात ती भरलेली मी तरी पाहिलेली नाही. ती भरवा. नकाशा जिन्यात लावू नका. शाळेत, अंगणवाडीत, समाजमंदिरात, मशिदीच्या ओट्यावर लावा, प्रत्येक प्रभागाचा वेगळा आणि मोठा. सुनावणी रविवारी ठेवा. आणि प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्या: मान्य असेल तर काय बदललं, अमान्य असेल तर का.

आपल्या लोकांसाठीही काम आहे. तुमच्या गावाचा डीपी कधी मंजूर झाला, हे या महिन्यात शोधा. मिळत नसेल, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. तुमच्या मोहल्ल्यात कुठली जागा कशासाठी आरक्षित आहे, दहा वर्षं कधी भरतात, हे मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळांशेजारी लिहा. बैठकीला बायकांना बोलवा. नळावर, नाल्याशी आणि शाळेच्या रस्त्यावर रोज त्याच असतात. आणि पालिकेत फक्त आपल्या गल्लीसाठी जाऊ नका. वडारवाडीच्या शौचालयासाठी, बौद्धवाड्याच्या रस्त्यासाठी, बाजारातल्या भाजीवाल्यांच्या जागेसाठीही आपली सही असू द्या. त्यांची सही मग आपल्या मैदानासाठी मागता येईल.

आमचा आराखडा आता शासनाकडे मंजुरीला गेला आहे. मंजुरी देताना शासन बदल करू शकतं, म्हणून मैदानासाठी पुन्हा अर्ज पाठवला आहे. या वेळी एकसष्ट सह्यांचा एक अर्ज नाही. एकसष्ट जणांचे एकसष्ट अर्ज आहेत, आणि त्यांतले अकरा मराठीत लिहिले आहेत माझ्या नववीतल्या मुलींनी, आपापल्या अम्मींच्या वतीने. मैदानाचं काय होईल, सांगता येत नाही. पण त्या अकरा मुलींना 'हरकत' या शब्दाचे दोन्ही अर्थ आता विचारून पहा. एकीचंही चुकणार नाही.